वहीतल्या तिघी

माझ्या शेजारणीच्या वडिलांनी ऑस्ट्रेलियाच्या रानात एक बाई जाळली, अशी माझी चांगली खात्री पटली होती. तरीही मी तिच्याच स्वयंपाकघरात बसून तिच्या हातचा चहा पीत होते. फक्त खुर्ची तेवढी अशी सरकवून घेतली होती, की भिंतीवरच्या त्या गृहस्थांच्या फोटोकडे माझी पाठ यावी.

सुरुवातीपासूनच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई भलतंच काहीतरी बोलतेय.

आम्ही अमेरिकेत हर्नडनला राहतो. मुलगा आणि सून दोघंही कॉम्प्युटरमधली, नात सातवीत. विमानतळ जवळ असल्यामुळे घरावरून दिवसभर विमानं जातात. आमच्या शेजारी एक अमेरिकन बाई राहते, ऐंशी ओलांडलेली. ती मला ‘आजी’ म्हणते. माझ्याहून सात वर्षांनी मोठी, आणि मी तिची आजी! नात मला हाक मारते ते ऐकून तिला ते माझं नावच वाटलं होतं. पुढे अर्थ कळला, पण तिनं हाक बदलली नाही. मी केलेलं थालीपीठ ती मेपल सिरप घालून खाते. मी त्या वेळी खिडकीबाहेर बघते.

तिच्या डोळ्यांचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं दिसतं. समोरच्या माणसाचे कान दिसतात, तोंड दिसत नाही, असं ती सांगते. एकटीनं राहणं जमेना म्हणून तिनं घर विकलं आणि टेक्ससला, शुगर लँडला, मुलीकडे जायचं ठरवलं. घरभर खोकी. सोमवारी मी भांडी कागदात गुंडाळायला गेले, तर तिनं माझ्यासमोर एक वही ठेवली. खाकी पुठ्ठ्याची, तळहाताएवढी.

“हे माझ्या वडिलांनी युद्धात लिहिलेलं,” ती म्हणाली. “मला शेवटपर्यंत वाचून दाखव. गुरुवारपर्यंत.”

मी म्हटलं, “अगं, तुझी मुलगी आहे की. फोनवर वाचेल.”

“तिला मी वाचायला देणार नाही. आणि तू कुणाला सांगणार? तुझ्या सगळ्या मैत्रिणी तर मराठीत बोलतात.”

हे काही मला फारसं आवडलं नाही. मराठीत बोलणाऱ्यांना कानगोष्टी करता येत नाहीत असं हिला वाटतं की काय! पण खरी गोष्ट अशी, की ती वही वाचणारं आमच्या गल्लीत माझ्याशिवाय कुणी नव्हतंच. ते सगळं कर्सिव्हमध्ये होतं, म्हणजे इंग्रजी अक्षरं एकमेकांच्या हाताला धरून चालतात ना, तसलं. इथल्या मुलांना ते वाचता येत नाही, शाळेत शिकवतच नाहीत. आम्हाला पाचवीत चार रेघी वहीत गिरवून घेतलेलं. शाळा माझी आठवीत सुटली, पण ते वळण राहिलं. बाकीचं इंग्रजी मी इथे येऊन शिकले, नातीच्या पहिली-दुसरीच्या पुस्तकांवरून, जेवणाच्या टेबलावर. त्यात एक नियम होता तो मी पक्का केला होता : पुरुषाला ‘ही’, बाईला ‘शी’, आणि निर्जीव वस्तूला ‘इट’. त्या ‘शी’ची मला पहिल्यांदा गंमत वाटायची. आपल्याकडे हा शब्द नाक मुरडायला, आणि हे लोक बायकांना म्हणतात!

तर मी बोट ठेवून वाचायला लागले.

सोमवारी काही विशेष नव्हतं. वडील तिचे विमान चालवणारे, अगदी तरुण, नुकतं लग्न झालेले. जपान्यांची विमानं उत्तर ऑस्ट्रेलियात डार्विन गावावर येऊन बॉम्ब टाकायची, ती अडवायला ही अमेरिकन पोरं तिकडे पाठवली होती. डार्विनपासून आत, रस्त्याच्या कडेचं रान तोडून धावपट्टी केलेली, आणि शेजारी झाडांखाली तंबू. लाल धूळ. माश्या तोंडात जातात म्हणून बोलायचं कमी, असं लिहिलं होतं. माणसाहून उंच वारुळं. भोंगा झाला की अर्धी पोरं विमानांकडे धावायची आणि उरलेली जमिनीत खणलेल्या चरात उड्या टाकायची. एकदा त्या चरात आधीच साप होता, तर एक जण म्हणाला मी वरच थांबतो, बॉम्ब परवडला.

शेजारीण खूप हसली. “हे मला कधी सांगितलं नाही त्यांनी,” म्हणाली. “एक अक्षर नाही.”

मंगळवारी वहीतली पहिली बाई आली.

‘उद्या कॅथरिन. दोन दिवस. सुटलो.’

मी मोठ्यानं वाचलं. शेजारणीचा हात टेबलावर होता, तो तिनं मांडीवर घेतला. मला संशय तिथेच आला. नवीन लग्न झालेला माणूस, आणि दोन दिवस कॅथरिन? पुढचं पान उलटलं. ‘कॅथरिनला काल चांगलाच तडाखा बसला. मी तिथे नव्हतो, नाहीतर...’ नाहीतर काय, ते लिहिलेलंच नव्हतं. हे मी मनात वाचलं आणि दोन पानं एकदम उलटून, जेवायला रोज डब्यातलं मांस मिळायचं त्यावर आले.

घरी गेले तर डोक्यात तेच. कोण कॅथरिन? तिला कुणी मारलं? आणि आपण नव्हतो म्हणून इतक्या घाईनं सांगायची या माणसाला काय गरज? विचारलं नसताना ‘मी तिथे नव्हतो’ म्हणणारी माणसं मी काही थोडी पाहिली नाहीत.

सुनेला नुसतं एवढंच म्हटलं, की बाई, जुन्या माणसांची वही वाचू नये. ती लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाली, “आई, त्यांच्या घरच्या भानगडीत तुम्ही पडू नका हं. मागे त्या गुजराती काकूंचं काय झालं आठवतंय ना?”

आठवत होतं. पण ते इथे नको.

बुधवारी मी ठरवून गेले, की आधी मनात वाचायचं, मग तोंडानं. अर्धं पान पाणी सांडून पुसलेलं होतं. जिथून अक्षर लागलं तिथून मी वाचलं. अजून ते शब्द माझ्या डोळ्यांसमोर आहेत. ‘मी तिला सोडलं तेव्हा ती जळत होती. पाच महिने तिनं मला सांभाळलं. मी मागे वळून पाहिलं नाही. बिचारी ओल्ड गर्ल.’

ओल्ड गर्ल म्हणजे काय, म्हातारी मुलगी? वय उलटून गेलेली, बिनलग्नाची? पाच महिने याचं सगळं करत होती, आणि हा तिला रानात जळताना सोडून चालायला लागला? मी वर पाहिलं, तर फोटोतले ते गृहस्थ टोपी तिरकी घालून हसत होते. तेव्हाच मी खुर्ची फिरवली.

“काय झालं?” शेजारणीनं विचारलं.

“ऊन येतंय तोंडावर.”

“आज आभाळ आलंय, आजी.”

“मग वारा असेल.”

तिनं कप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “तू काल दोन पानं एकदम उलटलीस. मला दिसत नसलं तरी ऐकू येतं. आज तर तू वाचतच नाहीयेस. का? तुला वाचता येत नाही, की तुला मला सांगायचं नाही?”

“पुसलंय गं अक्षर. पाणी पडलंय.” अर्धं खरं होतं ते.

“सगळ्या पानांवर?”

मी वही मिटली. मग तिनंच सांगितलं. पियानोवर एक लाकडी पेटी असायची. मी इतकी वर्षं तिला दागिन्यांची समजत होते. त्यात तिच्या आईची राख होती. अकरा वर्षं. वडील आधी गेले, ते इथून तासाभरावरच्या लष्करी दफनभूमीत आहेत, आणि त्याच जागेत बायकोलाही ठेवता येतं. पण आई ठेवू द्यायला तयार नव्हती. नवरा युद्धावरून परत आला तेव्हा बोटात अंगठी नव्हती. समुद्रात पोहताना पडली म्हणाला. काही वर्षांनी तिला ही वही सापडली, तिनं मधलंच एक पान उघडलं, त्यावर ‘कॅथरिन’ होतं. तिनं वही मिटली, पुन्हा उघडली नाही, आणि त्याला एका शब्दानं विचारलं नाही. पन्नासच्या वर वर्षं संसार केला, जेवायला वाढलं, एका पलंगावर झोपली. आणि जाताना मुलीला म्हणाली, “खात्री असेल तरच मला त्याच्याशेजारी ठेव.”

“शुक्रवारी दहाची वेळ घेतलीये मी दफनभूमीची,” शेजारीण म्हणाली. “ठेवायची की शुगर लँडला न्यायची, ते मला शुक्रवारच्या आत कळायला हवंय. मी या वयात परत येणार नाहीये. म्हणून वही. म्हणून तू. आणि आता तूही माझ्या आईसारखीच गप्प बसलीस.”

तुम्हीच सांगा, काय बोलायचं? हिला बापाचं बाहेर काही होतं की नाही एवढंच हवं होतं, आणि माझ्या हातात खून! मी डोकं दुखतंय म्हणून उठले.

गुरुवारी नात शाळेतून आली, तोवर मी ती वाक्यं आठवून दिनदर्शिकेच्या पानामागे सुट्या ठसठशीत अक्षरांत उतरवून ठेवली होती. तिच्यापुढे धरली. “याचा अर्थ सांग. कुणाचं आहे विचारू नकोस.”

तिनं चिप्स खात खात वाचलं. “आजी, दॅट्स अ प्लेन.”

“कोण प्लेन?”

“द ओल्ड गर्ल. हिज प्लेन. इट क्रॅश्ड अँड ही लेफ्ट इट. सो सॅड.”

“अगं, ‘शी’ लिहिलंय तिथे, ‘शी’! निर्जीवाला ‘इट’. तुझ्याच पुस्तकात होतं.”

“येस, बट पायलट्स से शी. शिप्स टू. लाइक, दे लव्ह देम.”

मला खरं वाटेना. आईबापांशी खोटं बोलायचं वय तिचं, आणि वाचायचा कंटाळा. मी सुनेकडे गेले. तिनं कागद पाहिला आणि हसायलाच लागली. “आई, बरोबर आहे ती. आपणही गाडीला ‘ती’ म्हणतोच ना?”

“गाडी ‘ती’. पण विमान ‘ते’! विमान नपुंसकलिंगी आहे!”

“मराठीत, आई. त्याला काय माहीत?”

हे मात्र माझ्या डोक्यात आलं नव्हतं, खरंच. मग कॅथरिन कोण, तेही विमान? नातीनं फोनवर बोटं फिरवली आणि नकाशा माझ्या नाकासमोर धरला. उत्तर ऑस्ट्रेलियात, डार्विनच्या खाली, नदीकाठचं गाव. कॅथरिन. तिथेही बॉम्ब पडले होते. तडाखा बसला तो गावाला, आणि ‘मी तिथे नव्हतो, नाहीतर...’ म्हणजे नाहीतर अडवली असती विमानं. दोन दिवसांची सुट्टी मिळाली म्हणून ‘सुटलो’.

मी पायात होत्या त्याच चपलांनी शेजारी पळाले. म्हणजे माझ्या वयाला पळता येईल तेवढी.

सगळं सांगितलं. लपवलेली पानं, पुसलेल्या अक्षराचं खोटं, फोटोकडची पाठ, सगळं. तिनं ऐकून घेतलं. कॅथरिन गाव आहे म्हटल्यावर तिनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मग एकदम माझ्यावरच आली.

“म्हणजे माझा बाप खुनी आहे असं समजून तू माझ्या स्वयंपाकघरात बसून केक खात होतीस?”

“केक नाही खाल्ला मी. अंडं असतं त्यात.”

“चहा प्यायलीस!”

“तो चहा असतो का, बाई? गरम पाणी असतं ते.”

ती हसली, पण पुरती नाही. “अंगठीचं राहिलंच,” म्हणाली. “उरलेली पानं वाच. आणि या वेळी एकही शब्द गाळू नकोस. मी ऐकतेय.”

मी वाचायला लागले. विमान पडल्यावर तो चालत होता, तीन दिवस. पाणी संपलेलं, ओठ फुटलेले. आणि चौथ्या ओळीत पुन्हा ‘शी’.

मी थांबले. नातीनं सांगितलेलं आठवलं, सगळ्या ‘शी’ म्हणजे विमानंच. पण ही ‘शी’ कोरड्या नदीच्या पात्रात बसून हातानं वाळू उकरत होती. विमान काही वाळू उकरत नाही.

“ही खरी बाई आहे,” मी म्हटलं.

शेजारणीचा चेहरा पुन्हा आक्रसला. “वाच.”

तिथली, त्या भूमीची मूळची बाई होती ती. कडेवर मूल. कोपरभर खणल्यावर वाळूत पाणी आलं, ते तिनं ओंजळीनं याला पाजलं. मग ती पुढे आणि हा मागे, असे दोघं दीड दिवस चालले. तिनं एकदाही वळून पाहिलं नाही, त्याच्या पायांच्या आवाजावरूनच तिला कळत होतं हा पडला की चालतोय. लष्कराचा रस्ता दिसल्यावर ती थांबली. त्याच्याजवळ द्यायला काही नव्हतं. त्यानं बोटातली अंगठी काढून पुढे केली. तिनं ती उलटसुलट करून पाहिली, हसली, आणि कडेवरच्या मुलाच्या हातात खेळायला दिली. मग निघून गेली. ‘तिचं नाव मी विचारलं नाही. बायकोला हे कसं सांगू? तिला वाटेल, अंगठी बाईला दिली. आणि दिली तर बाईलाच.’

तिथे वही संपत होती. मागे सगळी कोरी पानं.

शेजारीण ताठ बसून होती. मला वाटलं आता ही रडेल, पण तिनं विचारलं, “झालं? काही गाळलंस?”

खरं सांगायचं तर गाळलं होतं. शब्द नाही, पण दुसरं काहीतरी मला दिसलं होतं आणि ते मी गिळणार होते. सगळी वही पेन्सिलीची होती. हे शेवटचं पान तेवढं शाईचं, आणि अक्षरही जरा मोठं, थकलेल्या हाताचं. तिकडे रानात लिहिलेलं नव्हतं ते. घरी आल्यावर लिहिलेलं असावं, कदाचित कित्येक वर्षांनी. माझ्या मनात आलं, बायकोनं वही पाहिली हे त्याला कळलं असेल आणि मग त्यानं हे रचून ठेवलं असेल तर? एवढं सुंदर पाणी, एवढी हसरी बाई?

आधीची मी असते तर पान मिटून ‘झालं’ म्हटलं असतं. पण मी सांगितलं.

तिनं वही हातात घेतली, डोळ्यांच्या कडेशी नेऊन, तिरकी मान करून पाहिली. पेन्सिल, शाई. पुन्हा पेन्सिल. मग शाईच्या पानावर अंगठा फिरवला.

“रानात पेन मिळालं असेल?” मी मुद्दामच म्हटलं.

“नाही,” ती म्हणाली. “तू सांगतेस तसंच असेल. घरी लिहिलंय.” थोड्या वेळानं म्हणाली, “खरं की खोटं मला कधीच कळणार नाही, आजी. पण घरी लिहिलं म्हणजे आईनं वाचावं म्हणून लिहिलं. वही लपवली नाही त्यांनी, रुमालांच्या खणात असायची, जो खण ती रोज उघडत होती. आणि तिनं वाचलं नाही. मला खात्री करून घ्यायला तिनं सांगितलं, पण स्वतः मात्र उघडून बघितलं नाही!” ती आईवरच चिडली होती. “उद्या तू चल. तिला वाचून दाखव. मग मी ठरवते.”

शुक्रवारी सुनेनं मीटिंग कॅन्सल केली आणि आम्हाला ड्राइव्ह करून नेलं. पेटी शेजारणीच्या मांडीवर, सीटबेल्टच्या आत. दफनभूमीत पांढऱ्या दगडांच्या ओळीच ओळी, आणि वडिलांच्या दगडापुढे छोटा चौकोनी खड्डा तयार. तिथला एक माणूस टोपी हातात घेऊन उभा होता. शेजारीण त्याला म्हणाली, “जरा थांबायचं. अजून नक्की नाही.” साडी नेसून वर जॅकेट घातलेली मी, डोळे अधू झालेली ती, आणि मांडीवरून उतरवलेली पेटी गवतावर. तो माझ्याकडे बघत होता, मी काय मंत्रबिंत्र म्हणते की काय असा.

मी बोट ठेवून वाचायला लागले, कॅथरिनपासून. शेजारीण पेटीजवळ वाकून, हळू आवाजात, समजावत होती.

“गाव आहे ते, मॉम.”

मी पुढे वाचलं. मी तिला सोडलं तेव्हा ती जळत होती.

“विमान, मॉम. विमानाला म्हणतात ते.”

मग शाईचं पान आलं. ती हातानं वाळू उकरत होती.

“ही बाई,” शेजारीण म्हणाली. “खरी बाई.” आणि थांबली. मीही थांबले. वरून एक विमान गेलं, ते जाऊन त्याचा आवाज संपेपर्यंत ती पेटीकडे कान करून तशीच वाकून होती.

मग तिनं हात पुढे केला. मी तिला वही दिली. तिनं ती पेटीवर ठेवली, आपल्या डोक्याचा रुमाल सोडून दोन्ही एकत्र घट्ट बांधलं, आणि त्या माणसाला म्हणाली, “आता ठेवा. खाली गेल्यावर त्यांचं त्यांनी बघावं.”